तीन नकार आणि एक ‘पैसे भरा’चा ईमेल, आता माझं काम पाठवू तरी कुठे?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी बडोद्याची, वय ३६, बीकॉम झालेली. लग्नानंतर एका स्टुडिओत शनिवार-रविवार जाऊन चाकावर काम शिकली आणि आता आठ वर्षं सिरॅमिक करतेय. मांजलपूरला घराच्या गच्चीवर शेडमध्ये छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे. दोन वर्षांत तीन मोठ्या प्रदर्शन-स्पर्धांना फॉर्म भरले, तिन्हीकडून नकार आला. आता एका ‘आंतरराष्ट्रीय ऑनलाइन प्रदर्शना’चा ईमेल आलाय की तुमची निवड झाली, साडेचार हजार भरा म्हणजे सर्टिफिकेट आणि मेडल मिळेल. शिवाय एका ग्रुप शोमध्ये भाग घ्यायचे ३५ हजार मागतायत. सासूबाई म्हणतात, पणत्या कर, निदान दिवाळीला विकल्या जातील. ती विचारते, फाइन आर्ट्सची डिग्री नाही म्हणून असं होतंय का, पस्तिशी उलटली म्हणजे संधी गेल्याच का, आणि पैसे भरून का होईना बायोडेटामध्ये एक-दोन प्रदर्शनं टाकावीत का?

प्रिय मैत्रिणी,

तुला अगं-तुगं करते, चालेल ना? माझी धाकटी भाची तुझ्याच वयाची आहे.

तुझं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. साडेतीन पानं फॉर्म, शेवटच्या तारखा, फी, नकाराचे ईमेल, कोणाची निवड झाली आणि कोणाची नाही यावर आहेत. मातीबद्दल फक्त सात ओळी. पण त्या सात ओळींत तू लिहिलंयस की दांडियाबाजारच्या जुन्या घरात आजीची लोणच्याची बरणी होती, वरून तपकिरी खालून पांढरट, तिचं झाकण कधीच हरवलेलं म्हणून आजी तोंडावर दादरा, म्हणजे फडकं, बांधायची, आणि तसल्या बरण्या तू अधूनमधून करतेस, पण ‘त्या स्पर्धेला चालतील असं वाटत नाही म्हणून पाठवल्या नाहीत’. हे वाक्य मी अधोरेखित करून ठेवलंय, कारण माझं सगळं उत्तर त्याच्याभोवतीच आहे.

मग पाठवलंस काय? पहिल्या ठिकाणी भिंतीवरचं म्युरल, दुसऱ्या ठिकाणी राकू पद्धतीने भाजलेला मासा, आणि तिसऱ्या ठिकाणी किटली, का तर आदल्या वर्षी तिथे किटलीला बक्षीस मिळालं होतं. म्हणजे दर वेळी आधी फॉर्म आला आणि फॉर्मला काय आवडेल याचा अंदाज बांधून तू काम केलंस. आणि ते भट्टीचं जे लिहिलंयस ते वाचून तर मला कसंतरीच झालं बघ. फोटो अपलोड करायची मुदत रात्री बाराची, भट्टीचा काटा २३० डिग्रीवर, तू दार उघडलंस आणि किटलीला टण्णकन तडा गेला. आठ वर्षं माती करणारी बाई आहेस तू, २३० ला भट्टी उघडायची नाही हे तुला झोपेतही ठाऊक असणार. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेलं पक्कं भांडं, थंड होताना ५७३ डिग्रीला एकदा आणि मग सव्वादोनशेच्या आसपास पुन्हा एकदा आतल्या आत आकसतं, तेवढ्यात गार हवा लागली की संपलं. हे माहीत असून तू उघडलंस, कारण त्या रात्री भट्टीचं ऐकायचं की फॉर्मचं असा प्रश्न होता आणि तू फॉर्मचं ऐकलंस. माझ्याही हातून झालंय हे, तरुणपणी, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

आता नकारांबद्दल. तुला वाटतंय तीन वेळा ‘तू कलाकार नाहीस’ असं कोणीतरी सांगितलं. पण निवड कशी होते ते बघ ना. पहिली फेरी बहुतेक ठिकाणी फोटोंवरच असते, चार-पाच जण बसलेले असतात, समोर शेकडो फोटो, एकेका कामाला किती वेळ मिळत असेल ते तूच ठरव. त्यात आपल्याकडच्या मोठ्या सर्वसाधारण प्रदर्शनांमध्ये सिरॅमिकला बहुतेक वेळा शिल्पकलेत बसवतात, मग परीक्षक असतात चित्रकार आणि शिल्पकार. किटलीची तोटी किती नीट ओतते, झाकण किती नेमकं बसतं, हँडल धरल्यावर वजन कुठे येतं, यातलं फोटोत काहीच दिसत नाही आणि बघणाऱ्याने स्वतः कधी चाक फिरवलेलं नसेल तर त्याला ते सुचणारही नाही. वाईट परीक्षक म्हणून नाही, त्यांची नजर निराळ्या गोष्टींवर तयार झालेली असते. तेव्हा तीन नकारांचा अर्थ एवढाच की तीन वेगवेगळी कामं तीन वेगवेगळ्या टेबलांवर त्या दिवशी पुढे गेली नाहीत. त्या तिन्ही कामांच्या मागे एकच बाई आहे हे मात्र कोणालाच कळलं नसणार, मलासुद्धा पत्रासोबतच्या फोटोंवरून कळलं नसतं.

डिग्रीचं म्हणशील तर बडोद्यात राहून हा प्रश्न छळणारच, रोज युनिव्हर्सिटी रोडवरून जाताना फाइन आर्ट्स फॅकल्टीचं फाटक दिसतं. १९५० साली सुरू झालेल्या त्या फॅकल्टीने देशाला किती मोठी माणसं दिली हे खरंच आहे. पण आपल्याकडचं स्टुडिओ पॉटरी काही फक्त कॉलेजांमधून वाढलेलं नाही गं. पाँडिचेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, तिथे हाताखाली राहून, माती मळून, भट्ट्या लावून शिकलेली माणसं आज देशभर काम करतायत. डिग्रीवाल्यांना एक फायदा नक्की होतो, नाकारायचं कारण नाही. त्यांना पाच-सात वर्षं कोणीतरी रोज कामाबद्दल प्रश्न विचारलेले असतात, हे असं का, तेच पुन्हा का, मोठं केलं तर काय होईल. तुला ते विचारणारं कोणी नाही. ही कमतरता आहे, पण ती भरून काढता येते. उन्हाळ्याच्या तोंडाला फॅकल्टीत विद्यार्थ्यांचा वार्षिक डिस्प्ले असतो तो चुकवू नकोस, आणि नुसतं बघून येऊ नकोस, मुलांशी बोल, कोणती माती, किती डिग्री, पहिल्यांदा फसलं तेव्हा काय केलंस. दोन-तीन जणांना गच्चीवर बोलाव, तुझं काम दाखव, चहा-नाश्ता कर. तरुण मुलं फार स्पष्ट बोलतात, तुला तेच हवंय.

आणि ज्योत्स्नाबेन भट्ट यांचं काम बघितलंयस की नाही? २०२० साली वारल्या त्या. फॅकल्टीत शंखो चौधुरींच्या हाताखाली शिल्पकला शिकल्या, मग अमेरिकेत ब्रुकलिनला जाऊन सिरॅमिक शिकून आल्या आणि पुढे कितीतरी वर्षं इथेच शिकवलं. त्यांची मांजरं, त्यांचे पक्षी, वर्षानुवर्षं तेच विषय, पण दर वेळी मांजराची बसायची ढब निराळी, ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, निराळं, शांतपणा तोच. बडोद्यात राहून हे शिकता येतं की एका गोष्टीला किती काळ धरून राहायचं असतं.

म्हणून माझं म्हणणं, सहा महिने एकही फॉर्म भरू नकोस. फक्त बरण्या कर. बारा कर, पंधरा कर. झाकणाची, बिनझाकणाची, दादरा बांधायला गळ्याला खाच असलेली, इतकी मोठी की चाकावर दोन भागांत करून जोडावी लागेल, आणि इतकी छोटी की एका लिंबाचं लोणचं मावेल. झाकणं वाकडी होतात म्हणून लिहिलंयस, तर झाकण बरणीवर बसवूनच भाज, मध्ये ॲल्युमिनाचा, म्हणजे चिकटू न देणाऱ्या पांढऱ्या पुडीचा, हात दे आणि टेकणाऱ्या कडांवरचं ग्लेझ स्वच्छ पुसून घे, म्हणजे दोन्ही सोबत आकसतील. हे सगळं झालं की मग टेबलावर मांडून बघ, त्यातल्या पाच-सहा एकमेकींशी बोलतायत असं वाटलं की त्यांचे फोटो काढ. तेव्हा फॉर्म शोधायला लाग. उलट क्रमाने आता बघितलंसच काय होतं ते.

पैशांचं आधी संपवते कारण त्या ईमेलची मुदत जवळ आली असेल. साडेचार हजार भरू नकोस. फी घेणारे सगळे फसवे असतात असं नाही, चांगल्या जुन्या संस्थाही एन्ट्री फी घेतात, फॉर्म तपासायचा, हॉलचा खर्च असतोच. पण ती फी फॉर्मसोबत सगळ्यांकडून घेतात, निवड होवो न होवो. इथे आधी ‘निवड झाली’ म्हणून कौतुक करायचं आणि मग पैसे मागायचे, हा उलटा प्रकार आहे, आणि मेडलसकट. कुठेही पैसे द्यायच्या आधी बघायचं की परीक्षकांची नावं जाहीर आहेत का, गेल्या वर्षीच्या दोन कलाकारांना शोधून विचारता येतंय का, प्रदर्शन खऱ्याखुऱ्या जागेत आहे का, काम परत पाठवायचा खर्च कोणाचा, आणि वाटेत किंवा मांडताना फुटलं तर जबाबदारी कोणाची. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागितलं की निम्मे लोक उत्तरच देत नाहीत, त्यावरून समजून जायचं.

३५ हजारांचा ग्रुप शो जरा वेगळा आहे. तिथे निदान हॉल आहे, भिंत आहे. पण तूच लिहिलंयस की त्यात अठरा चित्रकार आणि सिरॅमिकवाली तू एकटी. तुझी कामं कोपऱ्यातल्या एका स्टँडवर मांडतील, लोक चित्रं बघायला मागे सरकताना स्टँडला धक्का लागेल याची चिंता तू पाच दिवस करशील. मी एकदा असे पैसे भरलेत. पाच दिवसांत माझ्या कामासमोर थांबून बोललेली माणसं मोजून सहा, आणि परत येताना एका भांड्याचा काठ उडालेला, त्याला जबाबदार कोणीच नाही. निघताना कामाच्या स्थितीचा फोटो आणि सही घेतली नव्हती ही माझी चूक, ती तू करू नकोस. काम हातातून सोडताना आणि परत घेताना, दोन्ही वेळा, प्रत्येक कडेचे फोटो आणि समोरच्याची सही. त्याच ३५ हजारांत किती माती, किती ग्लेझ आणि किती भट्ट्या होतील याचा हिशोब बीकॉमवालीला मी काय सांगू.

आता पाठवायचं कुठे, सहा महिन्यांनंतर. देशात ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन आहे, अकादमी १९५४ पासूनची. मुंबईला बॉम्बे आर्ट सोसायटी आहे, ती तर १८८८ ची. दोन्हीकडे सगळ्या प्रकारच्या कलांमध्ये तुझी बरणी उभी राहणार, हे मनाशी धरून पाठव. फक्त सिरॅमिकसाठी म्हणशील तर इंडियन सिरॅमिक्स ट्रायनालेवर लक्ष ठेव, पहिलं २०१८ मध्ये जयपूरला जवाहर कला केंद्रात झालं, दुसरं २०२४ मध्ये दिल्लीला. मध्ये पाच वर्षांहून जास्त गेली, तेव्हा आत्ता नाही जमलं म्हणून कपाळावर हात मारायची गरज नाही. तिथे एकटंदुकटं सुंदर भांडं पाठवून भागत नाही, एखादी पूर्ण कल्पना मांडावी लागते, आणि बरण्यांची ती ओळ म्हणजे कल्पनाच आहे. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीचं मनातून काढून टाक सध्या, तिथलं वेटिंग वर्षांमध्ये मोजतात.

लोक स्पर्धा-स्पर्धा करतात आणि एक दार कोणी ठोठावत नाही, ते म्हणजे फेलोशिप आणि दुसऱ्यांचे स्टुडिओ. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप असते, वय २५ ते ४०, महिना १०,००० रुपये, दोन वर्षं. ती सीसीआरटी या केंद्राच्याच सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेमार्फत चालते. चाळिशीनंतर सीनियर, तिथे महिना २०,०००. त्यासाठी अभ्यासाचा विषय मांडावा लागतो, नुसतं ‘मला काम करायचंय’ चालत नाही. पण तुझ्याकडे विषय आयता आहे गं. या लोणच्याच्या बरण्या कुठे व्हायच्या, खुर्जा का, चुनार का, आपल्या थानगढकडच्या होत्या का, आपल्या आज्यांपर्यंत कोण विकत आणायचं, प्लास्टिक आल्यावर ते कारखाने आणि ते कारागीर काय करायला लागले, मराठी घरांत काय भरायचे आणि गुजराती घरांत छुंदा, तो कैरीचा गोड कीस, कसल्या बरणीत. चार म्हाताऱ्या बायकांशी बोलून सुरुवात होईल. वयाची चिंता करतेस तर इथे चार वर्षं आहेत तुझ्या हातात. शिवाय भोपाळला भारत भवन आहे, १९८२ चं, तिथे सिरॅमिकची कार्यशाळा आहे, दिल्लीत ललित कलाचे गढीचे स्टुडिओ आहेत. मोठ्या भट्टीवर काम करायला मिळणं आणि चार सिरॅमिकवाल्यांच्या शेजारी बसायला मिळणं हे मला एखाद्या मेडलपेक्षा कितीतरी मोठं वाटतं, आणि तुझ्या गच्चीवरच्या एकटेपणावर औषध तेच आहे.

परदेशातलंही सांगते कारण विचारलंयस. इटलीत फाएन्झाला १९३८ पासून स्पर्धा होते, जपानमध्ये मिनोला दर तीन वर्षांनी, १९८६ पासून, कोरियात ग्योंगीला बिएनाले आहे २००१ पासून. फाएन्झाला अलीकडे ३५ च्या आतले आणि ३५ च्या वरचे असे वेगळे गट केलेत, म्हणजे पस्तिशी उलटली तर रांग बदलते एवढंच. लोएवे फाउंडेशनचं क्राफ्ट प्राइझ आहे, ५०,००० युरो, त्याला वयाची वरची मर्यादाच नाही, पण अंतिम फेरीला जगभरातून तीसेक जण. नियम दर खेपेला बदलतात, त्या वर्षीचे नीट वाचून घ्यायचे. आणि फॉर्म भरायच्या आधी एक विचार कर, निवड झालीच तर सहा किलोची बरणी तिकडे जाणार कशी? खर्च बरणीच्या किमतीवर सहज जातो. साध्या लाकडाची पेटी केलीस तर त्या लाकडाला उष्णता देऊन शिक्का मारलेला लागतो, नाहीतर बंदरावर अडवतात, प्लायवूडच्या पेटीला ती अट नाही. काम फक्त प्रदर्शनासाठी जातंय आणि परत येणार आहे याचे कस्टमचे कागद जातानाच करून घ्यायचे, नाहीतर स्वतःचीच बरणी परत घेताना ड्युटी मागतील. माझं विचारशील तर परदेशी फॉर्म दोन वर्षांनी.

फोटोंबद्दल, तुझे फोटो खरंच चांगले नाहीत. मागे गच्चीवरची टाकी दिसते, किटलीच्या पोटावर तुझंच प्रतिबिंब पडलंय. राखाडी कागदाचा मोठा रोल आण, उत्तरेकडच्या खिडकीशी टेबल लाव, सकाळी नऊ-दहाच्या उजेडात ट्रायपॉडवर काढ, फ्लॅश नको. एक समोरून, एक जरा वरून, एक अगदी जवळून जिथे ग्लेझ ओघळून थांबलंय तिथला. खाली उंची, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये, माती कोणती, किती डिग्रीला भाजलं, साल. आणि ते इंग्रजी स्टेटमेंट जे पाठवलंयस, मानवी अस्तित्वाची नाजूकता वगैरे, ते काढून टाक. आजी दादरा बांधायची हे मराठीत दहा ओळींत लिही आणि मग कोणाकडून तरी इंग्रजी करून घे.

राहता राहिल्या सासूबाई. तुला वाटतंय पणत्या कर म्हणजे हे सगळं सोड असं त्या सुचवतायत. मला तसं ऐकू आलं नाही. अख्ख्या पत्रात तुझ्या कामाला गिऱ्हाईक कुठे मिळेल याचा विचार केलेलं माणूस त्या एकट्याच आहेत. पणत्या कर की! दिवाळीच्या आधीच्या रविवारी गच्ची स्वच्छ करून दोनशे पणत्या आणि त्यांच्या मागच्या फळीवर पाच-सहा बरण्या मांड, सोसायटीतल्या, दांडियाबाजारच्या, ओळखीच्या सगळ्यांना बोलाव, बरणीवर किंमत लिहून ठेव आणि ती लिहिताना घाबरू नकोस. हे तुझं पहिलं प्रदर्शन, वहीत तारीख टाकून लिहून ठेव, किती आले, काय उचलून बघितलं, बरणी हातात घेऊन कोण कोणाची आठवण काढत बसलं.

आणि एक बरणी विकू नकोस, ती सासूबाईंना दे. आधी आतल्या ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवून बघ, रंग उडाला किंवा चमक गेली तर ते ग्लेझ लोणच्याला नाही, बदल. नीट राहिलं तर चैत्र-वैशाखात कैरीचं लोणचं त्यांना त्यातच घालायला सांग आणि वर्षभर हात लावू नकोस. मीठ झिरपून बाहेर पांढरं येतंय का, तेल पाझरतंय का, झाकण ओल्या हाताने उचलताना निसटतं का, त्या न विचारता सांगतील. त्या काय म्हणाल्या ते मला कळव, आणि पुढच्या पत्रात बरण्यांचे फोटो पाठव, या वेळी एकही पाठवला नाहीस.